चपलेखालचा एक इंच

नोव्हेंबरचा दुसरा सोमवार. नागपूरच्या एका हाडांच्या दवाखान्यात यांनी काउंटरवर चाळीस हजार रुपये आगाऊ भरले. तिथं आम्ही चौघं होतो: हे, माझा भाऊ विलास, माझी माय आणि स्ट्रेचरवर पडलेली मी. पावती हातात आली तशी माय म्हणाली, "हाड जोडाचे पैसे भरून राहिले का कापाचे?"

काउंटरवरच्या मुलीनं मान वर करून पाहिलं. यांनी पावती खिशात घातली. विलास म्हणाला, "ते अजून ठरलं नाही, माय."

मायचा प्रश्न बरोबरच होता. माझा मोडलेला पाय नुसता जोडायचा, की आधी तो कापून सरळ करायचा आणि मग जोडायचा, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या होत्या आणि ठरवायचं माझ्यावर टाकलं होतं. त्या दोन दिवसांत मी विचारत होते, असा पाय झालेलं कोणी भेटेल का. कोणी भेटलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. माझ्यासारखा आधीचाच वाकडा पाय कोणाचा मोडला, तर त्याला निदान एक बाई तरी भेटावी.

आधीचा पाय

मी पांढुर्ण्याला राहते. शिवणकाम करते, घरातच पुढच्या खोलीत मशीन आहे. हे पिकअप चालवतात, संत्र्याच्या दिवसांत मंडीतून नागपूरला माल नेतात. मुलगी प्राची कॉलेजात आहे.

माहेर मोहगावचं. नऊ वर्षांची असताना बैलगाडीवरून पडले आणि उजव्या पायाची नडगी मोडली. त्या वेळी हाड बसवणाऱ्या एका माणसाकडं न्यायची रीत होती. त्यानं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. गुडघ्याखाली पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वळला आणि एक इंचानं आखूड झाला.

बाबांनी मला चप्पल करून आणली, उजव्या तळाला टायरच्या रबराचे थर लावलेली. वाढत्या वयाबरोबर चपला बदलल्या, पण दर वेळी जुनी चप्पल नमुना म्हणून द्यायची आणि तेवढाच जाड तळ करून घ्यायचा. बायका मापाला जुना ब्लाउज देतात तसं. बाबा गेले तरी माप तेच राहिलं. माय त्याला बाबांचं माप म्हणते.

ती चप्पल घातली की मी जवळजवळ सरळ चालायचे. लुगड्याला फॉल लावताना उजव्या बाजूनं थोडा वर घ्यायचा, जिना चढताना डावा पाय आधी टाकायचा, मशीनच्या पायडलवर उजवा पाय फक्त चवड्यावर टेकवायचा. लग्न झालं, मुलगी झाली, हजारो ब्लाउज शिवले. कोणी पायाबद्दल विचारलं तर मी म्हणायचे, लहानपणी मोडला होता. त्याहून जास्त मला काही सांगायचं नसायचं, आणि खरं म्हणजे मला तो त्रासही वाटत नव्हता.

सौंसरला

भावाचं घर सौंसरला आहे. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, म्हणून माप घ्यायला रविवारी तिकडं गेले. मापं घेऊन झाली. टेप गळ्यातच होता. दारात चप्पल घातली, एक पाऊल टाकलं आणि उजव्या चपलेचा जाड तळ पायपुसण्यात अडकला. मी पायरीवरून खाली अंगणात पडले. आवाज आला तो मापाची लाकडी पट्टी मोडल्यासारखा होता. मला आधी खरंच वाटलं की पट्टीच मोडली. मग आठवलं की पट्टी तर मी पांढुर्ण्यालाच ठेवली होती.

वहिनी धावत आली. "उठा ना ताई," म्हणून तिनं हात धरला.

"उठवू नको," मी म्हणाले. "पाय गेला."

"कसा काय गेला? थोडासाच तं पडल्या."

मी लुगडं वर करून दाखवलं. पाय नेहमीपेक्षा जास्त वाकला होता. वहिनीनं पाहिलं आणि ती माझ्या शेजारी खाली बसली.

सौंसरच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला. तो उजेडासमोर धरून ते बराच वेळ पाहत राहिले. एरवी मोडलेल्या पायाला इतका वेळ लागत नसावा.

"हे आताचं मोडलेलं," त्यांनी बोट ठेवलं. "आणि हे आधीचं वाकडं. जिथं वाक आहे बरोबर तिथंच मोडलं."

"मग प्लास्टर?" विलासनं विचारलं.

"प्लास्टर करता येते. पण वाकड्या हाडावर भार एकाच बाजूनं येते. जुळाले वेळ लागंल, आणखी वाकंल, परत मोडू शकते. आत सळई टाकाची म्हटलं तं सळई सरळ असते आणि हाड वाकडं. जाईल कशी? मी हे करत नाही. नागपूरला दाखवा."

मला त्यांचं हे आवडलं. येत नाही ते येत नाही म्हणाले. कामचलाऊ प्लास्टर घालून आम्हाला पाठवलं, तपासणीची फीसुद्धा अर्धीच घेतली.

हे पांढुर्ण्याहून पिकअप घेऊनच आले. दुसऱ्या दिवशी भरायची म्हणून गाडीत गवत अंथरलेलं होतं. त्यावर गादी टाकली, गादीवर मी. माय माझं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"संत्र्याले न्याची तशी नेऊन राहिले मले," मी यांना म्हटलं.

"संत्रं बरं," हे म्हणाले. "ते बोलत नाही."

त्या दिवशी यांनी गाडी जितकी हळू चालवली तितकी मी कधी पाहिली नाही. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. प्रत्येक खड्ड्याआधी हे काचेतून ओरडून सांगायचे, "येऊन राहिला, येऊन राहिला," आणि माय माझा खांदा दाबून धरायची.

ठरवायचं कोणी

नागपूरचे डॉक्टर चाळिशीचे, आवाज हळू. आल्याबरोबर त्यांनी पायाआधी चप्पल पाहिली, स्ट्रेचरखाली ठेवलेली. हातात घेऊन तळ पाहिला आणि विचारलं, "किती वर्षं?"

"चाळीस."

मग त्यांनी कागदावर माझं हाड काढलं, धनुष्यासारखं. म्हणाले, "दोन मार्ग आहेत. एक, आहे तसं वाकडं ठेवून बाहेरून पट्टी लावायची. ऑपरेशन लहान, पण पट्टीवर ताण येत राहील, ती टिकेल याची खात्री मी देणार नाही. दुसरा मार्ग, वाकलेल्या जागी हाडाची पाचर कापायची, पाय सरळ करायचा आणि मग आत सळई टाकायची. शेजारचं बारीक हाडही कापावं लागेल. हे मोठं काम आहे. जुळायला वेळ लागतो, कधी जुळत नाही, कधी नसेला ताण बसून पाऊल काही दिवस उचलत नाही. हे सगळं आधी सांगणं माझं काम आहे."

मला पाचर हा शब्द कळला. मी म्हटलं, "म्हणजे टक्स घेणार."

त्यांना कळलं नाही. प्राची दुपारच्या गाडीनं येऊन पोहोचली होती, तिनं सांगितलं, "ब्लाउजला छातीखाली चिमटा घेतात ना डॉक्टर, कापड वळवायला. त्याला टक्स म्हणतात."

"आम्ही वळलेलं सरळ करायला घेतो," डॉक्टर म्हणाले. "पण हो, तेच."

मग मी विचारलं तो प्रश्न माझ्या धंद्यातला होता. टक्स घेतला की कापड आखूड होतं. पाय आणखी आखूड होणार का? ते म्हणाले, "पाचर काढल्यानं थोडं जातं, वाक सरळ झाल्यानं त्याहून जास्त मिळतं, आणि मोडलेल्या जागी थोडं ताणता येतं. तुमचा फरक कमी होईल. पूर्ण जाईल असं म्हणणार नाही."

ते गेले आणि खोलीत भांडण सुरू झालं.

माय म्हणाली, "चालून तं राहिली होती ना चाळीस वर्षं. आता कापाकापी कायले?"

हे म्हणाले, "मोडला म्हणूनच तं आलो ना मामी. सरळ होत असंल तं करून घेऊ."

"आणि नाही जुळला तं? मंग कोन पाहीन तिले? तुम्ही तं गाडीवर असता."

"मीच पाहीन. आजवर कोन पाहून राहिलं होतं?"

"तिच्या बापानं नव्हतं पाहिलं? त्यानं काय मुद्दाम वाकडा करून ठेवला?"

तेव्हा मला कळलं की मायला कशाची भीती आहे. पाय सरळ करायचा म्हणजे बाबांनी त्या वेळी चुकीच्या ठिकाणी नेलं असं म्हणायचं, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, "माय, बाबांनं चप्पल केली म्हणून मी शाळेत गेली. त्या वेळेस होतं ते केलं त्याईनं." ती भिंतीकडं तोंड करून बसली.

माझी भीती वेगळी होती. पाऊल उचललं नाही तर पायडल कसं मारणार? घरी लग्नाचे ब्लाउज पडले होते, पण त्याची मला तितकी काळजी नव्हती. मशीनवर पाय चालला नाही तर मी घरात काय करणार, हे माझ्या डोळ्यांसमोर येत नव्हतं. नवरा आणि मुलगी कमावतील आणि मी खुर्चीत बसेन, हे चित्र मला सहन होत नव्हतं.

रात्रभर विचार केला. वाकड्या टिपेवर दुसरी टीप मारली तर ती टिकत नाही, उसवूनच घ्यावी लागते, हे मी गिऱ्हाइकांना किती वेळा सांगितलं असेल. सकाळी डॉक्टर आले तेव्हा म्हटलं, "कापा. सरळ करा." सही मीच केली. यांची साक्षीदार म्हणून घेतली.

दवाखान्यातले दिवस

ऑपरेशनआधी दोन दिवस रक्ताच्या तपासण्या झाल्या. बायकांच्या वॉर्डात माझ्या शेजारी एक आजी होत्या, खुबा मोडलेल्या. त्या दर तासाला विचारायच्या, "तुझं झालं का?" आणि मी नाही म्हटलं की म्हणायच्या, "माझं झालं. काही कळत नाही. नुसतं उगाच भेव." त्यांच्या या एका वाक्यानं मला जेवढा धीर दिला तेवढा कोणी दिला नाही, जरी ते पूर्ण खरं नव्हतं.

सगळ्यात कठीण गोष्ट दुखणं नव्हती, भांडं होतं. पलंगावर पडल्या पडल्या ते घ्यायचं. पहिल्या दिवशी मी पाणीच प्यायले नाही. वॉर्डातल्या मावशीच्या ते लक्षात आलं. पडदा ओढून म्हणाली, "ताई, इथं सगळ्या बायकाच. मी रोज वीस जणींचं करते, तुमचं काय वेगळं आहे?" नंतर तिनं माझे केस विंचरून दोन वेण्या घातल्या. शाळेनंतर प्रथमच माझ्या दोन वेण्या होत्या.

यांनी एकही फेरी बुडवली नाही. संत्र्याचा हंगाम, गाडी उभी ठेवली तर हप्ता कुठून द्यायचा? सकाळी माल टाकायचे, दुपारी माझ्याकडं, रात्री गाडीत झोपायचे. एकदा पिशवीभर संत्री आणून वॉर्डात वाटली. सालींचा वास सगळीकडं सुटला. सिस्टर आत येऊन म्हणाली, "काका, हे हॉस्पिटल आहे." मग तिनंही एक घेतलं.

कापताना

कमरेत इंजेक्शन दिलं तसा खालचा अर्धा भाग माझा राहिला नाही. मधे हिरवं कापड टांगलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई माझ्या डोक्याशी बसल्या होत्या.

"काय करता तुम्ही?"

"शिवणकाम."

"ब्लाउजची शिलाई काय घेता पांढुर्ण्याला?"

मी सांगितली. त्या म्हणाल्या, "नागपूरला याच्या तिप्पट घेतात आणि तरी बाही बिघडवतात." मग पलीकडं करवतीचा आवाज सुरू झाला. दुखत नव्हतं. पण ते माझं हाड आहे हे मला माहीत होतं. थोड्या वेळानं हातोडीचे घाव ऐकू यायला लागले आणि प्रत्येक घावाला टेबल हलायचं. मी बाईंना म्हटलं, "बोलत राहा." त्या बोलत राहिल्या, गळ्याचे प्रकार, अस्तर, कोणत्या रंगाला कोणता धागा. मी उत्तरं देत राहिले. कोणाला हे ऑपरेशन करायचं असेल तर मी एवढंच सांगीन, आवाज येतात. आधी माहीत असलं तर घाबरायला होत नाही.

संपल्यावर डॉक्टर डोक्याशी आले. "झालं. अंगठा हलवा."

अंगठा हलला नाही.

"भूल आहे अजून," ते म्हणाले. पण मला त्यांचं पाऊल उचलत नाही हे बोलणं आठवत होतं. वॉर्डात आणल्यावर मी पायाकडं टक लावून बसले. माय पण. यांनी पायापाशी स्टूल ओढून घेतलं. संध्याकाळची चहाची गाडी आली तेव्हा माय एकदम म्हणाली, "हालला."

"कुठं?"

"हालला म्हनते ना. परत हालव."

मी हलवला. अंगठा वर आला, पाऊलही थोडं वर आलं. हे उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा डोळे धुऊन आले होते, हातात सगळ्यांसाठी चहा होता, शेजारच्या आजींसाठीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्सरे दाखवला. आत सळईची पांढरी रेघ, वरपासून खालपर्यंत सरळ, वर-खाली स्क्रू. मायनं तो हातात घेतला, खिडकीकडं नेला, खूप वेळ पाहिला.

"पैदा झाली तवा असाच होता," ती म्हणाली. "सीधा."

त्यानंतर तिनं कापाकापीचा विषय काढला नाही.

घरी

घरी सोडताना सांगितलं, दीड महिना पाय टेकवायचा नाही. एकूण खर्च एक लाख बत्तीस हजार आला. त्या दवाखान्यात आमचं सरकारी उपचारांचं कार्ड चालत नव्हतं. यांनी हंगामाचे पैसे घातले, विलासनं तीस हजार दिले, बाकी माझ्या शिलाईचे होते.

सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओ मुलीनं विलासला सांगितलं होतं, चालायला लागल्या की सपाट तळाची नवी चप्पल घ्या. विलासनं घरी येऊन सांगितलं. माय म्हणाली, "पाय पुरा जमिनीवर टेकत नाही तोवर आजाऱ्यानं नवी चप्पल घरात आनाची नसते." आमच्याकडं असं मानतात. विलासनं खांदे उडवले. मला तर त्या वेळी चप्पल लागणारच नव्हती.

त्या दीड महिन्यात प्राचीनं शिवण सांभाळलं. मी पलंगावरून सांगायचे, ती मशीनवर.

"आई, बाही खेचून राहिली."

"उसव."

"सगळी?"

"सगळी."

"तू डॉक्टरपेक्षा जास्त कापाकापी करून राहिली."

पुन्हा एक्सरे झाला. डॉक्टर म्हणाले, हाडानं धरलं आहे, वॉकरवर थोडा थोडा भार टाका. घरी फरशी गुळगुळीत, म्हणून चप्पल घालूनच चाला असंही सांगितलं. माय आनंदानं आत गेली आणि कपड्यात गुंडाळून ठेवलेली माझी चप्पल घेऊन आली. दवाखान्यात हरवेल म्हणून तिनं पहिल्या दिवसापासून जपून ठेवली होती. तिनं स्वतः माझ्या पायात घातली.

मी उभी राहिले आणि चालायला लागले. पाय मजबूत होता, दुखत नव्हतं फारसं. पण मी झुकत होते, आता डावीकडं. उजवा खुबा वर उचलला जायचा. चाळीस वर्षं मी उजव्या पायानं आखूड होते, आणि आता चालताना वाटायचं की उजवा पाय लांब झाला आहे.

मी यांना सांगितलं नाही. मला वाटलं, आतलं हाड सरकलं. ताणलं होतं ते आणखी ताणलं गेलं, सळई खाली उतरली, काहीतरी झालं. दुपारी सगळे बाहेर गेले की पलंगावर पडून टेप लावायचे, खुब्याच्या हाडापासून घोट्यापर्यंत. डावा मोजायचा, उजवा मोजायचा. टेप दर वेळी तेच सांगायचा, उजवा पाय अजूनही दोन सूत आखूड. एका इंचाचे आठ सूत असतात. म्हणजे फक्त पाव इंच. टेपवर पाव इंच आखूड आणि चालताना लांब. मी पंचवीस वर्षं या टेपवर पोट भरलं होतं, आणि आता मला वाटायला लागलं की पडून मोजताना मीच चुकते आहे.

झोप गेली. एका सकाळी यांनी मला चालताना दारातून पाहिलं.

"हे काय? उलटी काऊन चालून राहिली?"

मी रडले. त्यांना सगळं सांगितलं, टेपचंही. यांनी किल्ली घेतली. त्या दिवशीचा माल दुसऱ्या गाडीवाल्याला दिला.

खोलीतली चाल

नागपूरला पुन्हा एक्सरे. डॉक्टरांनी पाहिला. "हाड उत्तम आहे. सळई जागेवर आहे. काय झालं?"

"वाकडी चालते मी. दुसऱ्या बाजूला."

"चालून दाखवा."

मी वॉकर घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. डावीकडं झुकत, उजवा खुबा उचलत. डॉक्टर माझ्या पायाकडं पाहत होते. मग खाली वाकले.

"चप्पल काढा."

काढली.

"आता चाला."

मी चालले. पहिल्या दोन पावलांतच कळलं. झुकायला होत नव्हतं. मी थांबले. पुन्हा चालले, भिंतीपर्यंत आणि परत. वॉकर हातात होता पण त्यावर भार नव्हता.

डॉक्टरांनी दोन्ही चपला उचलून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक पातळ, एक जाड. "मी पाय सरळ केला," ते म्हणाले. "हिला कोणी सांगितलं नाही."

हे खुर्चीत बसले आणि हसायला लागले. असे हसले की बाहेरून नर्सनं डोकावून पाहिलं. "टेप लावून राहिली होती," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. "पायाले. रोज. चपलेले नाही लावला."

मला राग आला, मग मलाही हसू आलं. मी रोज दुसऱ्यांची मापं घेते. ब्लाउज घट्ट झाला म्हणून बाई आली की मी आधी तिचं नवं माप घेते, जुन्या ब्लाउजावर विश्वास ठेवत नाही. स्वतःच्या पायाचं माप रोज घेतलं, आणि चपलेचं माप बाबांचंच आहे हे डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षांत ती चप्पल माझ्या पायाचाच भाग झाली होती.

माय पांढुर्ण्याला दारातच उभी होती. यांनी सांगितलं. ती म्हणाली, "मीच म्हनलं होतं, नवी आनू नका."

"हाव मामी. तुमच्यामुळं आठ दिवस टेपचा धंदा चालला घरात."

"जाऊ द्या ना," मी म्हटलं.

माय चप्पल हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "फेकू नको पण."

"फेकत नाही. कमी करून आणते."

आता

आधी वॉकर सुटला, मग काठीही सुटली. हाड पूर्ण जुळलं असं डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलं. मशीनवर बसले त्या दिवशी उजवा पाय पायडलवर ठेवला आणि तो पूर्ण टेकला, टाचेपासून बोटांपर्यंत. मी थोडा वेळ तसाच ठेवून बसले. मग सुईत दोरा ओवला आणि भाचीच्या ब्लाउजची राहिलेली बाही शिवली. तिचं लग्न तोवर होऊन गेलं होतं. तिनं तो ब्लाउज नंतर सणाला घातला.

ज्यांचा असा पाय आहे त्यांना दोनच गोष्टी सांगते. डॉक्टर दोन वाटा सांगतात तेव्हा लहान वाट सोपी असेलच असं नाही. आणि पाय सरळ झाला की आजूबाजूच्या वस्तू पाहून घ्या. त्या अजून जुन्या पायाच्याच असतात.

बसस्टँडजवळ गणपतभाऊ चपला शिवतात. माझ्या मागच्या पाच-सहा चपला त्यांनीच केल्या. मी चालत गेले, प्राची सोबत होती. चप्पल त्यांच्यासमोर ठेवली.

"वाढवाची का?" त्यांनी विचारलं.

"कमी कराची. दोन सूत ठेवा, बाकी काढून टाका."

त्यांनी चप्पल खाली ठेवली आणि माझ्या पायाकडं पाहिलं. मग सुरी घेऊन थर उकलायला सुरुवात केली, काळ्या रबराचे, एकावर एक. शेवटचा पातळ थर ठेवला, कडा घासून दिल्या. निघालेलं रबर कागदात बांधून माझ्या हातात दिलं. मायला द्यायचं होतं.

चप्पल घालून पाहिली. दुकानासमोर चार पावलं टाकली.

"किती झाले?"

"वाढवाचे चाळीस घेतो," गणपतभाऊ म्हणाले. "कमी कराचे वीस द्या."

वीस रुपये. गणपतभाऊंना, बसस्टँडजवळ, मी उभी राहून दिले.